बिनविषारी

सांगवीला माझ्या माहेरी मला ‘भित्री’ म्हणत. हे कधी सुरू झालं ते आठवत नाही, पण पाहुणे आले की आई माझ्या नावाच्या आधी तेच सांगायची. “ही आमची भित्री. बैलानं नुसती मान हलवली तरी ही माळवदावर.” सगळे हसायचे, मीही हसायचे. भावंडं विहिरीत पोहायला उतरायची तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायचे. दिवस कलल्यावर गोठ्यातून काही आणायचं असलं तर मला कुणी सांगायचंच नाही. त्यामुळे मी गेले असते की नसते हे कधी कुणाला कळलं नाही, मलाही नाही. लग्न होऊन भवानीनगरजवळच्या वस्तीवर निघाले तेव्हा आईनं माझ्या सासूचा हात धरून सांगितलं, “हिला एकटीला ठेवू नका. भेदरती.” म्हणजे ते नावही माझ्याबरोबर वरातीच्या गाडीत बसून सासरी आलं.

आमची वस्ती म्हणजे चार-पाच घरं आणि चहूबाजूंनी ऊस. नवरा साखर कारखान्यात कामाला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. शेजारी तात्यांचं घर. तात्या आमच्या नात्यातले नाहीत, पण बोअर कुठं घ्यायचा इथपासून कुणाची पोरगी कुठं द्यायची इथपर्यंत वस्तीवर त्यांना विचारल्याशिवाय काही होत नाही. माणूस मायेचा. कुणाला दुखलं-खुपलं की सगळ्यात आधी त्यांची जीप दारात उभी. म्हणूनच त्यांचा शब्द मोडणं अवघड. दटावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मला साप चावला त्याला आता पाच-सहा वर्षं झाली असतील. दुपारची वेळ होती. आत्या आणि मी पाटाच्या कडेला घास कापत होतो, आत्या माझ्या थोड्या पुढं. मी घासाची मूठ धरली आणि विळा लावणार तेवढ्यात कशानं तरी माझा हात पकडला. झटकला तर ते हाताबरोबर वर आलं. लांब, पिवळसर, अंगावर काळ्या चौकटी. मग सुटलं आणि पाटाच्या पाण्यात पडलं. पाण्यावर एक वळण उमटलं, आणि नंतर नुसतं पाणी.

हाताच्या पाठीवर रक्ताचे बारीक थेंब ओळीनं फुटून आले होते. मी किंचाळले असेन, कारण आत्या विळा टाकून पळत आल्या. घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. आठवते ती खाट, आणि खाटेभोवती उभी राहिलेली सगळी वस्ती. तात्यांनी भारे बांधायची सुतळी घेऊन माझ्या दंडावर आवळली. सुतळी कातडीत रुतली.

“कसला हुता?” कुणीतरी विचारलं.

“पिवळा. मोठा.”

“फणा काढला का?”

मी फणा बघितला नव्हता. पण दोघातिघांनी तेच विचारल्यावर मला तो दिसायला लागला. पहिल्याला मी म्हणाले, “काढला असंल.” दुसऱ्याला म्हणाले, “काढला.” तिसऱ्याला माझ्या वतीनं दुसऱ्यानंच सांगितलं की हातभर फणा काढला होता.

“डोळं जड हुत्यात का गं?”

तोवर झाले नव्हते, विचारल्यावर झाले.

“जीभ वळती का?”

जीभ टाळ्याला चिकटली होती. बोटं निळी पडली होती, हात माझा राहिला नव्हता, कोपरापासून पुढं कुणीतरी लाकूड जोडल्यासारखा लोंबत होता. तात्यांनी कडुलिंबाचा पाला आणला. आमच्याकडं असं मानतात की विष चढलं की पाला कडू लागत नाही. तात्यांनी चार पानं माझ्या तोंडात घातली. “चाव. नीट चाव. कडू लागतंय का सांग.”

मी चावलं. तोंडात थुंकीचा टिपूस नव्हता. काहीच लागलं नाही.

“न्हाय,” मी म्हणाले.

आत्यांनी हंबरडा फोडला, आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या बायांनी. ते ऐकलं आणि मी मेले. हे मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती घरी येईल आणि दप्तर कुठं ठेवेल, एवढाच विचार डोक्यात फिरत राहिला. छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, विष ते हेच, हे असंच चढतं.

नवरा कारखान्यातून तसाच आला. म्हणाला, “बारामतीला नेऊ, सरकारी दवाखान्यात.”

“आधी देवाला,” तात्या म्हणाले. “तितं नेलेलं माणूस आजवर दगावलं न्हाय.”

“पण तात्या...”

“आरं, उद्या काय झालं तर तूच म्हणशील, देवाला न्यायला पायजे हुतं. जलमभर म्हणशील.”

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग सगळ्या माणसांकडं बघितलं, आणि जीपचं दार उघडलं.

ते देऊळ आमच्या वस्तीवरून इंदापूरच्या अंगाला, हमरस्ता सोडून आत आहे. लहानसं, पत्र्याच्या मंडपाचं. तिथल्या भगतानं माझ्या अंगावर घागरी ओतल्या, ओल्या लुगड्यानं मला देवाभोवती फिरवलं. दोन्ही बाजूंनी बायांनी धरलं होतं. झोपायचं नाही, बसायचं नाही. फिरता फिरता भगत पुन्हापुन्हा म्हणत होता, “उतरतंय. उतरतंय बघा.” त्याचा आवाज इतका शांत होता की कितव्यातरी फेरीला माझं धडधडणं कमी झालं. गार पाण्यानं डोळे उघडे राहिले. मग त्यानं पाला तोंडात दिला.

कडू लागला. जहर कडू.

“कडू लागतंय!” मी ओरडले, आणि मंडपातली सगळी माणसं ओरडली. आत्या देवासमोर आडव्या झाल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं.

तेवढ्यात माझा मोठा भाऊ आला. तो बारामतीला लागून जळोचीला राहतो, त्याला नवऱ्यानं गुपचूप फोन केला होता. दादा कुणाशी भांडला नाही. देवाला हात जोडले, भगताच्या पाया पडला आणि म्हणाला, “देवाचं झालं, आता माझ्या जिवासाठी हिला एकदा दवाखान्यात दावून आणतो.” कुणी अडवलं नाही. ज्याचं काम झालंय त्याला कुठंही न्यायला काय हरकत?

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी कात्रीनं ती सुतळी कापली. हातात रक्त परत शिरलं तेव्हा अशी कळ आली की साप चावतानाही इतकं दुखलं नव्हतं. मग त्यांनी काचेच्या नळीत माझं रक्त घेऊन ती नळी टेबलावर न हलवता ठेवून दिली. थोड्या वेळानं आडवी करून बघितली. रक्त गोठलं होतं, सांडलं नाही. बाईंनी माझा हात दिव्याखाली धरला.

“बारीक दात ओळीत उमटलेत बघा. हा दिवड असणार, पाण्यातला. बिनविषारी. रात्रभर ठेवून घेऊ, पण काळजी नाही.”

“पण माझा हात बधिर झाला होता,” मी म्हणाले.

“सुतळीनं.”

“डोळे मिटत होते. पाला कडू लागत नव्हता.”

“भीतीनं होतं तसं,” त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, ते बरं केलं. “भीती काही खोटी नसते. तुमची नाडी अजून पळतेय बघा. पण विष नव्हतं. ज्याला विष चढलंच नाही, तो कुठंही नेला तरी बराच होतो. पुढच्या वेळी कुणाला चावलं तर वाटेत कुठं थांबू नका.”

मी मान हलवली, आणि आत कुठंतरी त्यांचा राग आला. मी मरून परत आले होते. ते सगळं, तो हंबरडा, त्या घागरी, डोळ्यांपुढचा तो काळोख, हे काही नव्हतंच असं ही बाई सांगत होती. मग काय होतं? सांगवीची भित्री घाबरली होती, एवढंच? ते मला नको होतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सांगून बघितलं. “डॉक्टर म्हणाल्या, बिनविषारी होता.”

आत्यांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “देवानं इख उतरवलं म्हणून बिनइखारी झाला. ते तुमच्या डॉक्टरला कसं दिसंल?”

नवरा एकदाच बोलला आणि गप्प झाला. मी तेवढंही बोलले नाही.

आणि मग माझे दिवस पालटले. वस्तीवर मला कुणी भित्री म्हणेना. हळदीकुंकवाला पुढं बसवायला लागले. “देवानं हिला धरून आणली,” असं आत्या आल्यागेल्याला सांगायच्या, त्यांच्या आवाजात माझ्याविषयी मान असायचा, जो आधीच्या सगळ्या वर्षांत मी ऐकला नव्हता. कुणाचं तान्हं किरकिर करत असलं तर माझ्या मांडीवर आणून ठेवायचे. गंमत म्हणजे माझी भीती खरंच कमी झाली. गोठ्यात एकटी जाऊ लागले. उसातल्या पायवाटेनं एकटी भवानीनगरला जाऊन बाजार आणू लागले. लोक मला धीराची म्हणत होते आणि मी धीराची होत होते. हे सुख सोडवेना.

मग पुढच्या पावसाळ्यात कालव्यापलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस आमच्या अंगणात आणला. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं असायची, आता तो ट्रॅक्टर चालवायचा. त्यालाही साप चावला होता आणि त्याच्या माणसांनी माझ्याविषयी ऐकलं होतं. “ताई, तुमी संगं चला. तुमी दिसला तर त्येला धीर येईल.” मी गेले. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसले. तो माझ्याकडं असा बघत होता जसं मी त्या दिवशी भगताकडं बघितलं होतं. त्याच्या पोटरीवर खुणा होत्या. बारीक, ओळीत.

देवळात तो दोन फेऱ्यांत बरा झाला. सगळीकडं आनंद झाला. मला मात्र तिथं पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं की पुढं काय होणार आहे. एक दिवस कुणाच्या तरी पायावर खुणा ओळीत नसतील. त्यालाही माझं नाव सांगून इकडंच आणतील. आणि मी त्याच्या शेजारी बसलेली असेन.

त्यानंतर मला जी भीती लागली ती वेगळीच होती. लहानपणी भीती बाहेर असायची, बैलात, विहिरीत, अंधारात. पळून घरात आलं की ती दाराबाहेर राहायची. ही माझ्याबरोबर घरात बसायची. दारात गाडी थांबली की माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं. आत्या म्हणायच्या, “काय झालं गं?” मी म्हणायचे, “हात निसटला.” पाऊस लागला की मी रोज वर्तमानपत्र बघावं तसं लोकांच्या पायांकडं बघायचे, चपला घालून उसात जातायत का. नवऱ्याला एकदा म्हणाले, “आपण सगळ्यांना नीट सांगू या का?” तो म्हणाला, “आता सांगितलं तर लोक म्हणतील देवाचा कोप ओढवून घेतीय. आणि काही वाईट झालं वस्तीवर, कुणाची म्हैस जरी मेली, तरी तुझ्यावर यायचं.” तो खोटं बोलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही तीच शंका होती. समजा खरंच देवानं उतरवलं असेल तर? मी कोण नाही म्हणणारी? मंडपात तो पाला कडू लागला तेव्हाचा आनंद माझ्या अंगात अजून होता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं डोक्यात होतं आणि देव अंगात होता, आणि दोन्हींच्या मध्ये मी घट्ट तोंड मिटून बसले.

मागच्या वर्षी ते घडलं. तात्यांची धाकटी सून, लग्नाला तीन वर्षं झालेली, पोर अंगावर पिणारं. मला ताई म्हणायची. सकाळची कामं उरकून बांधावर हत्तीगवत कापायला गेली होती. तिच्या ओरडण्यानं मी बाहेर आले तर ती एका पायावर उड्या मारत येत होती. घोट्याच्या वर दोन भोकं. दोनच. त्यांतून रक्त येत होतं, धार नव्हती, पण थांबतही नव्हतं. “ताई, जाडा हुता,” ती म्हणाली. “कुकरसारखा फुसफुसत हुता. आग हुतीय ताई, पाय जळतोय.”

घोणस. मला विचारायची गरजच पडली नाही. पाय डोळ्यांदेखत सुजत होता. पैंजण कातडीत रुतायला लागलं होतं, ते मी ओढून काढलं.

तात्या सुतळी घेऊन आले. मी कशीबशी म्हणाले, “तात्या, बांधू नका, माझा हात त्यानंच बधिर झाला हुता.” त्यांनी ऐकलं नाही की त्यांना ऐकू आलं नाही, कोण जाणे. पण सुजलेल्या पायावर सुतळी बसेना म्हणून त्यांनी ती टाकली. “सूनबाई, तू मागं बस,” ते मला म्हणाले. “तिचं डोकं मांडीवर घे. तुझा हात लागू दे तिला.”

गाडी तात्यांचा मुलगा चालवत होता, म्हणजे तिचा नवरा; मी त्यांना भाऊजी म्हणते. तात्या त्याच्या शेजारी. मागं मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं, आणि पलीकडं आत्या तिचे पाय धरून. आत्या तिला सांगत होत्या, “घाबरू नगं. हिला बघ, हिला तर नाग चावला हुता. देवानं आणली का न्हाय परत?” ती माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला ओकारी येतेय म्हणाली आणि तिनं माझ्या पदरात ओकलं.

आमच्या वस्तीचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तिथं डावीकडं बारामती आणि उजवीकडं देऊळ. त्या फाट्यापर्यंतची वाट मी आजवर हजारदा गेले असेन. त्या दिवशी ती इतकी लवकर संपत होती की मला वाटलं, भाऊजींना सांगावं, जरा हळू चालवा. मी तोंड उघडत होते आणि मिटत होते. पुढं तात्यांची पाठ, त्यांचं पागोटं. आत्यांच्या लुगड्यावर पडलेला रक्ताचा डाग मोठा होत होता. मला वाटलं, बोलले तर ही माणसं मला जन्मभर परकी करतील. बोलले नाही तर ही पोरगी त्या मंडपात फेऱ्या मारता मारता खाली पडेल, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बायांत एक मी असेन. माझे दात एकमेकांवर वाजत होते, खरोखर वाजत होते, आत्यांनाही ऐकू गेले असतील.

भाऊजींनी फाट्यावर वेग कमी केला.

“मला चावला त्यो दिवड हुता,” मी म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की मला परत बोलावं लागलं. “तात्या, मला चावला त्यो नाग नव्हता. दिवड हुता. त्याला इख नसतं. डॉक्टरनी सांगितलं हुतं. मी कुठंही गेले असते तरी वाचले असते. ही न्हाय वाचायची. बारामतीला चला.”

आत्यांचे हात तिच्या पायांवरून सुटले. मग आत्या म्हणाल्या, “आगं, काय बोलतीस तू?”

तात्यांनी मागं वळून बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मी त्यांच्या कानाखाली मारली असती तर दिसले असते तसे ते दिसत होते. “आत्ता सांगतीस?” ते म्हणाले. “ह्या जाग्यावर?”

“चुकलं माझं. पण चला.”

“आधी देवाला जाऊ,” ते म्हणाले. “पाच मिन्टं. मग तुमी म्हणशीला तितं.”

“तात्या, रक्त थांबत न्हाय तिचं.”

“गप. घाबरलीस तू. पहिल्यापासून घाबरट हायस.”

माझ्याजवळचं सगळं बोलून संपलं होतं. मला वाटलं, झालं, आता उजवीकडं वळणार. पण गाडी वळेना. भाऊजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते, तेव्हा कळलं की ते रडतायत.

“दादा,” ते वडलांना म्हणाले, “मला बी तितंच न्यायचं हुतं. पहिल्यापासनं.”

आणि त्यांनी गाडी डावीकडं घातली.

तात्यांनी गाडीच्या समोरच्या फळीवर मूठ आपटली. “काय झालं तर हिच्यावर हाय,” ते ओरडले. “ऐकतीस का? तुझ्यावर हाय!” मग बारामतीपर्यंत ते नुसते हात जोडून बसले. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

तो रस्ता मला पुन्हा आठवावा लागू नये. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती मला म्हणाली, “ताई, झोपू का?” मी म्हणाले नको, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून तिच्या पोराचे उद्योग सांगत राहिले, काल त्यानं आमच्या कोंबडीच्या खुराड्यात डोकं घातलं होतं, ते. बोलताना मनात एकच चाललं होतं, ही गेली तर मी वस्तीवर परत कशी जाऊ? तिच्या मरणाची भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती वस्तीवर तोंड दाखवायची. माणूस काय असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळणं बरं वाटलं नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या लागल्या. मूत्रपिंडावर परिणाम झाला म्हणून डायलिसिस करावं लागलं. पुढचे काही दिवस काय होईल याचा भरवसा कुणी दिला नाही. मी जळोचीला दादाकडं राहिले आणि तिथून दवाखान्यात जात-येत राहिले. कुणी सांगितलं म्हणून नाही, वस्तीवर जायचा धीर होत नव्हता म्हणून. तात्या दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसून असायचे. मी डबा नेला तर घ्यायचे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. मध्ये एकदा ते एकटेच देवळात जाऊन आले आणि अंगारा तिच्या उशाशी ठेवला. मी तो सरळ करून ठेवला.

ती वाचली. पायाला मोठा व्रण राहिला, अजून जरा ओढत चालते. घरी आणली तेव्हा पोरानं तिला ओळखलं नाही, आजीच्या कडेवरून उतरेना, तेव्हा मात्र ती खूप रडली.

माझं म्हणाल तर पोर वाचली म्हणून कुणी मला काही बोललं नाही, आणि देवाला नाही म्हणाले म्हणून कुणी जवळही केलं नाही. हळदीकुंकवाला मी परत मागच्या रांगेत गेले. आत्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. एकदा भाकरी थापताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “इतकी वर्सं मी लोकास्नी सांगत हुते. मला तरी सांगायचं.” मी चुलीत लाकूड सारलं. मला गोठ्यात जायची परत भीती वाटू लागली. देऊळ दिसेल अशा रस्त्यानं मी जात नाही. देव रागावला असेल का, हे मी नवऱ्यालाही विचारत नाही.

या पावसाळ्यात मी तात्यांच्या अंगणात त्यांच्या सुनेबरोबर शेंगा फोडत बसले होते. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत एक माणूस आडवा होता. त्याच्याबरोबरचे दोघं घाईनं आत आले आणि त्यांनी तात्यांना देवळाची वाट विचारली. “तुमच्या वस्तीवरची कोण बाई हाय न्हवं, बरी झालेली?”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तात्या उठले. ट्रॉलीपर्यंत गेले, त्या माणसाचा पाय बघितला आणि मागं वळून म्हणाले, “बारामतीला न्या. आमच्या सुनंला मी स्वता बारामतीला नेली. देवाला नारळ बोललो आन् फाट्यावर गाडी डावीकडं घ्यायला लावली. देव समजून घेतो. नारळ मागनं फोडा.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या फाट्यानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत. “व्हय का न्हाय, सूनबाई?”

त्यांची सून माझ्याकडं बघत होती. ती त्या दिवशी शुद्धीवर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पुढची शेंग फोडली.

“व्हय, तात्या,” मी म्हणाले. “तुमीच नेली.”

ट्रॅक्टर गेला. तात्यांनी त्यांच्याबरोबर आपल्या मुलाला जीप घेऊन पाठवलं, म्हणजे तो माणूस दवाखान्यात पोचला एवढं मला माहीत आहे. पुढं त्याचं काय झालं ते मी अजून विचारलेलं नाही.